गडावरच्या डब्यांतून पुस्तकाकडे : भटक्यांच्या ग्रुपसाठी गावाकडच्या पाककृती कशा गोळा कराव्यात

अकराच्या सुमाराला गडावरच्या टाक्यापाशी सॅक खाली टेकतात, दोन वर्तमानपत्रं अंथरली जातात आणि सगळ्यांचे डबे मध्ये येतात. सोलापूरकराकडे कडक भाकरी आणि शेंगाचटणी, जळगावकडच्या ताईंकडे भरीत आणि कळण्याची भाकरी, नागपूरच्या मित्राकडे सांबारवडी, मालवणच्या मैत्रिणीकडे घावणे, लातूरकडच्याकडे धपाटे. नोकरीसाठी पुण्यामुंबईत आलेली ही सगळी मंडळी. दर रविवारी कोणीतरी म्हणायचं, "हे कसं करतात, लिहून पाठव ना," आणि गड उतरेपर्यंत ते विसरलं जायचं. शेवटी आम्ही ठरवून एक पुस्तक केलं. ६४ पानांचं छोटंसंच, पण त्याला अकरा महिने लागले. तुमचा ग्रुप ट्रेकिंगचा असो, सायकलवाल्यांचा असो की गच्चीवर भाज्या लावणाऱ्यांचा, असं पुस्तक करायचं मनात असेल तर आमचा अनुभव उपयोगी पडेल म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगतो. पाककृती नुसती मागून मिळत नाही. जिच्या हातची आहे तिच्या शेजारी उभं राहून ती उतरवून घ्यावी लागते. पुढचं बरंचसं त्याबद्दलच आहे.

आधी चाळणी ठरवा

"सगळ्यांनी आपापल्या आवडीचं पाठवा" असं सांगितलंत की आठवड्यात वीस प्रकारचे पुलाव आणि पंधरा केक येतात. आम्ही दोन अटी घातल्या : पदार्थ तुमच्या गावाकडचा, घरच्यांच्या हातचा हवा, आणि तो डब्यात नेता यावा किंवा गडाखालच्या मुक्कामात करता यावा. या दोन चाळण्यांतून जे खाली पडलं ते खरोखर आमच्या ग्रुपचं होतं. तुमची अट वेगळी असेल. गच्चीवरच्या बागेवाल्यांनी "स्वतः लावलेल्या भाजीचा पदार्थ" एवढीच अट घातली तरी पुरे. पण अट हवी, आणि ती पहिल्या निरोपातच हवी.

संख्याही आधीच ठरवा. एका पानावर एक पदार्थ धरला तर ६४ पानांत प्रस्तावना, शब्दसूची आणि अनुक्रमणिका वजा जाता ५० पदार्थ बसतात. पन्नास पदार्थ नीट करून बघणं हेच मोठं काम आहे, शंभराचा हव्यास धरू नका.

माणसं तीन लागतात : एक पाठपुरावा करणारा, एक लिहिणारा आणि एक करून बघणारा. तिन्ही कामं एकाच माणसावर पडली तर पुस्तक दिवाळीनंतर, मग होळीनंतर, मग पावसाळ्यानंतर असं पुढे जात राहतं.

नकाशा भिंतीवर लावा

महाराष्ट्राचा साधा जिल्ह्यांचा नकाशा घ्या आणि आलेल्या प्रत्येक पदार्थासाठी त्या जिल्ह्यावर टिकली लावा. महिन्याभराने मोकळ्या जागा स्वच्छ दिसतात. आमच्याकडे पुणे, सातारा, रत्नागिरी टिकल्यांनी भरून गेले आणि परभणी, हिंगोली, गडचिरोली, नंदुरबार कोरे राहिले. त्या जिल्ह्यांतले सदस्य ग्रुपमध्ये होते, त्यांनी काही पाठवलं नव्हतं इतकंच. एकाला मी फोन केला तर तो म्हणाला, "आमच्याकडे काय, साधंच असतं. पुस्तकात घालण्यासारखं नाही." फोनवर अर्धा तास बोलल्यावर त्यानेच येसर सांगितला : डाळी-धान्यं आणि मसाले भाजून केलेलं पीठ, ज्याची आमटी मराठवाड्यात लग्नाच्या पंगतीत भातावर ओततात. आमच्या पुस्तकातलं आता ते सगळ्यांच्या आवडीचं पान आहे.

म्हणून जे गप्प आहेत त्यांना स्वतः फोन करा. "साधंच असतं" असं म्हणणाऱ्याच्या घरी बहुतेक वेळा सगळ्यात मोलाचं काहीतरी असतं. भौगोलिक नकाशाइतकीच दुसरी गोष्टही तपासा : सगळ्या प्रकारच्या घरांतलं जेवण आलं आहे का? सुकट, बोंबलाची चटणी, खेकड्याचं कालवण, हुलग्याची शेंगोळी, नागलीची भाकरी यांना पुस्तकात तेवढीच जागा मिळाली पाहिजे जेवढी पुरणपोळीला मिळते. मांसाहारी पदार्थ शेवटच्या भागात वेगळे काढायची पद्धत आम्ही मोडली आणि प्रदेशानुसार एकत्र छापले, फक्त पानाच्या कोपऱ्यात खूण केली. ज्यांना टाळायचं आहे त्यांना खूण पुरते.

भटक्यांसाठी आणखी एक गोष्ट. गडाच्या पायथ्याच्या वाडीत ज्या मावशींकडे आपण वर्षानुवर्षं जेवतो, त्यांचंही पान पुस्तकात असू द्या. कळसूबाई-भंडारदऱ्याच्या बाजूला महादेव कोळी आणि ठाकर समाजाच्या घरांत मिळणारी नागलीची (नाचणीची) भाकरी आणि खर्डा हे आपल्या ट्रेकचंच जेवण आहे. मात्र त्यांना विचारून, पुस्तक कशाचं आहे ते सांगून आणि त्या दिवसाच्या जेवणाचे पैसे नेहमीसारखेच देऊन.

लिहून मागवू नका, बोलतं करा

आम्ही आधी फॉर्म पाठवला होता. त्यावर अशी उत्तरं आली :

"धपाटे. ज्वारीचं पीठ, थोडं बेसन, लसूण, मिरची, कोथिंबीर, तीळ, दही. मळून थापून भाजणे."

यात चूक काहीच नाही. पण ज्याने जन्मात धपाटं थापलेलं नाही, त्याला यावरून ते जमणार नाही. मग आम्ही फॉर्म सोडला आणि व्हॉट्सअॅपवर आवाजात निरोप मागवायला सुरुवात केली. बोलताना माणूस लिहिण्यापेक्षा चौपट सांगतो. "आई हे फक्त वेळा अमावस्येला करायची," "पीठ जुनं असेल तर गरम पाणी घ्यायचं," "सासूबाई ओवा घालत नसत, मी घालते" हे सगळं बोलण्यात येतं, फॉर्मवर येत नाही.

फोनवर बोलताना मी हे प्रश्न हमखास विचारतो : हे तुम्ही कोणाचं बघून शिकलात? कधी करतात, कोणत्या महिन्यात? कशाबरोबर खातात? बिघडतं तेव्हा काय बिघडतं? आणि झालं आहे हे कशावरून ओळखायचं? शेवटचे दोन प्रश्न कधीच सोडू नका. "बिघडतं तेव्हा" या प्रश्नावर अनुभवी बाई क्षणभर थांबते, आणि मग जे सांगते तेच नवशिक्याला खरं हवं असतं.

मग ओट्यापाशी जाऊन उभे राहा

जमेल तेवढ्या पदार्थांसाठी प्रत्यक्ष घरी जा. आमच्या पन्नासपैकी एकोणीस पदार्थ आम्ही डोळ्यांनी बघितले, आणि ती एकोणीस पानं बाकीच्यांपेक्षा चांगली उतरली आहेत हे मला आजही पुस्तक उघडलं की जाणवतं.

बरोबर घ्यायचं सामान थोडंच आहे. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला वजनकाटा, चार रिकामी भांडी, वही आणि फोन. पद्धत अशी : त्यांना नेहमीसारखं करू द्या, "मोजून घाला" असं अजिबात म्हणू नका. मोजायला लावलं की हात अडखळतो आणि पदार्थ वेगळाच होतो. त्याऐवजी सुरुवातीला पिठाचा डबा, दह्याचं भांडं, तेलाची बुधली, मिठाचा डबा यांची वजनं करून ठेवा. त्यांनी हवं तसं घेतलं की शेवटी पुन्हा वजन करा. वजाबाकी म्हणजे माप. त्यांना काही वेगळं करावं लागत नाही आणि तुम्हाला ग्रॅममध्ये आकडा मिळतो.

लातूरकडच्या मित्राच्या आजींकडे धपाट्यांसाठी गेलो तेव्हाचं सांगतो. आजींनी परातीत चार मुठी ज्वारीचं पीठ घेतलं. डब्याचं वजन २५० ग्रॅमने उतरलं, म्हणजे त्यांची मूठ जेमतेम ६२ ग्रॅमची. माझ्या मुठीत ९० ग्रॅम आलं. नुसतं "चार मुठी पीठ" छापलं असतं तर माझ्यासारख्याच्या परातीत दीडपट पीठ पडलं असतं आणि तिखट-मीठ सगळंच कमी पडलं असतं. मग कणीक आणि बेसन साधारण साठ-साठ ग्रॅम. लसूण, हिरवी मिरची, जिरं त्यांनी पाट्यावर मीठ घालून ओबडधोबड वाटलं. दही १०० ग्रॅम, मूठभर कोथिंबीर, हळद, ओवा. पाणी किती, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "पीठ मागंल तेवढं." भांड्यातून १६० मिली गेलं होतं. आम्ही दोन्ही छापलं : आकडा, आणि पुढे आजींचं वाक्य. कारण ज्वारी जुनी की नवी, दळण बारीक की जाड, त्यावर पाणी बदलतं आणि तिथे आकडा अपुरा पडतो.

पण काट्यावर न येणारी गोष्ट पुढे होती. ओलं फडकं पाटावर पसरून त्यावर गोळा थापताना आजी बोटं सारखी पाण्यात बुडवत होत्या, मधूनमधून फडकं किंचित फिरवत होत्या, आणि थापून झाल्यावर मधोमध एक आणि बाजूने चार भोकं पाडत होत्या. फडक्यासकट उचलून तव्यावर उलटं टाकायचं, फडकं एका कडेपासून हळू सोडवायचं, आणि भोकांत थेंब थेंब तेल सोडायचं. "फडकं आधी ओढलं की फाटतं. तव्याची वाफ लागू दे, मग ते आपणहून सोडतं." या एका वाक्यासाठी पुण्याहून लातूरला जाणं सार्थकी लागलं. नंतर मी घरी तीन वेळा केले, पहिल्यांदा फाटले, दुसऱ्यांदा त्यांचं ऐकलं तेव्हा सुटले.

फोनवर चित्रण करणार असाल तर चेहऱ्याकडे कॅमेरा धरू नका, हातांकडे धरा. बहुतेक आज्या-काकू हाताचं चित्रण करायला आनंदाने तयार होतात, चेहऱ्याचं म्हटलं की संकोचतात आणि गप्प होतात.

वाटी, चमचा, पावशेर

घरोघरच्या वाट्या वेगळ्या. कोणाची १०० मिलीची, कोणाची २०० ची. घरी जाता येत नसेल तर फोनवर एकच काम सांगा : तुमची नेहमीची वाटी काट्यावर ठेवा, काटा शून्यावर आणा, वाटी काठोकाठ पाण्याने भरा आणि आकडा सांगा. एक ग्रॅम पाणी म्हणजे एक मिली, त्यामुळे वाटीचं माप लगेच कळतं. पुस्तकात एकच वाटी ठरवून घ्या, आम्ही १५० मिलीची धरली, आणि सगळी मापं तिच्यात बदला. चमच्यांची मापं ५ मिली आणि १५ मिली एवढी दोनच ठेवा.

जुन्या वह्या मिळाल्या तर त्यांत शेर, अदपाव, छटाक असतात. ८० तोळ्यांचा शेर म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम, त्यामुळे तेव्हाचा पावशेर २३३ ग्रॅम, अदपाव ११७ आणि छटाक ५८ च्या आसपास. दशमान वजनं १९५६ च्या कायद्यानंतर आली, आणि आज दुकानात पावशेर म्हटलं की २५० ग्रॅम मिळतं. भाजीत हा फरक कळत नाही, पण अनारशांसारख्या पदार्थात गूळ-तांदळाचं प्रमाण हलतं तेव्हा कळतो. पायली, मापटं, चिपटं ही धान्य मोजायची मापं गावागावांत वेगळी होती, तिथे हिशोब करत बसू नका. घरात ते माप अजून असेल तर त्यातच धान्य भरून वजन करा.

शब्दांसाठी वेळ राखून ठेवा

इथे आमची सगळ्यात मोठी चूक झाली. कोल्हापूरच्या काकूंनी मटणाच्या रश्श्यात "दोन चमचे चटणी" असं सांगितलं होतं आणि आम्ही तसंच टाइप केलं. करून बघणारी मैत्रीण रत्नागिरीची. तिने ओल्या नारळाची चटणी घातली. कोल्हापूर-सांगलीकडे चटणी म्हणजे वर्षभरासाठी करून ठेवलेला कांदा-लसूण मसाला, हे आम्हा दोघांनाही सुचलं नाही. एक किलो मटण वाया गेलं, आणि त्या दिवसापासून आम्ही शब्दसूची करायला घेतली.

त्या सूचीतले काही शब्द सांगतो, म्हणजे कशावर लक्ष ठेवायचं ते कळेल. विदर्भात सांबार म्हणजे कोथिंबीर. तळकोकणात काळ्या वाटाण्याचं सांबारं म्हणजे नारळाच्या वाटपातली उसळ. डांगर काही भागांत लाल भोपळा, तर काही घरांत उडदाच्या पिठाचं ताकातलं तोंडीलावणं. पिठल्याला विदर्भ-खान्देशात सर्रास बेसन म्हणतात, मग "बेसन घ्या" असं वाचल्यावर पीठ घ्यायचं की शिजलेलं, हे लिहिणाऱ्याने स्पष्ट करायला हवं. वाल, पावटा, बिरडं, डाळिंब्या यांत तर दर घरी नवं उत्तर मिळतं.

आमचा नियम असा झाला : मूळ शब्द बदलायचा नाही, पण पानाच्या तळाशी एका ओळीत त्याचा अर्थ द्यायचा. सगळ्यांना समजावं म्हणून सांबारवडीची कोथिंबीरवडी केली असती तर नागपूरचा मित्र दुखावला असता, आणि ते योग्यच झालं असतं. त्या वड्याही तंतोतंत एक नाहीत.

जिन्नसांची नावंही जपून लिहा. नुसती "लाल मिरची" नको. ब्याडगी रंगाला, लवंगी तिखटाला, विदर्भात भिवापुरी. भरताचं वांगं म्हणजे जळगावकडचं हिरवट, भरपूर गराचं. ते मिळत नसेल तर दुसरं कोणतं चालेल, हे त्याच घरच्या माणसाला विचारून लिहा, आपल्या मनाने नको.

दुसऱ्या गावच्या माणसाने करून बघायचं

प्रत्येक पदार्थ छापण्याआधी अशा माणसाने करावा ज्याने तो कधी केलेला नाही, आणि फक्त लिहिलेलं वाचून. सांगलीचा पदार्थ अकोल्याच्या माणसाने, मालवणचा नाशिकच्या माणसाने. करताना जिथे फोन करावासा वाटला तिथे पेन्सिलीने खूण करायची. ती खूण म्हणजे लिखाणातलं भोक. आमचं एकही पान खुणेशिवाय परत आलं नाही.

डब्याचे पदार्थ असतील तर टिकण्याची परीक्षाही हवी. दुधात भिजवलेली दशमी, कांदा घातलेलं थालीपीठ, ओल्या खोबऱ्याची चटणी सकाळी सहाला डब्यात भरून संध्याकाळी उघडून बघा, आणि हे मे महिन्यात बघा. ओलं खोबरं आणि कच्चा कांदा उन्हात टिकत नाही, सुकं खोबरं आणि शेंगदाणे टिकतात. हे पानावर लिहिलेलं असलं की कोणाचं पोट बिघडत नाही.

मुक्कामात शिजवायच्या पदार्थांत उंचीचाही विचार करा. साधारण दर ३०० मीटरला पाणी एक अंश कमी तापमानाला उकळतं. कळसूबाईच्या १६४६ मीटरवर ते ९४-९५ अंशांवरच उकळेल. तूरडाळ उघड्या पातेल्यात तिथे शिजता शिजत नाही आणि इंधन संपतं. म्हणून आम्ही डाळ-तांदळाच्या खिचडीत मूगडाळ सुचवली, तीही घरून भाजून आणि गडावर अर्धा तास भिजवून.

रानभाज्यांबाबत मात्र मी फार कडक आहे. कर्टुली, टाकळा, कुरडू, फोडशी, शेवळं यांची पानं पुस्तकात आहेत, पण प्रत्येकावर लिहिलं आहे की जाणत्या माणसाने ओळखून दिल्याशिवाय तोडू नका. शेवळं नीट निवडली नाहीत आणि काकडाची फळं किंवा चिंच घातली नाही तर घसा भयंकर खवखवतो. पुस्तकातल्या फोटोवरून भाजी ओळखायला कोणी जाऊ नये.

परवानगी आणि नाव

जिन्नसांच्या यादीवर कोणाचा हक्क नसतो, पण कृती ज्या शब्दांत लिहिली आहे ते शब्द लिहिणाऱ्याचे असतात. छापील पुस्तकातून किंवा कोणाच्या व्हिडिओतून उतरवलेलं घेऊ नका. आवाजातला निरोप आला आणि भाषा एकदम पुस्तकी वाटली तर हळूच विचारा, "ही तुमच्या घरची पद्धत का?"

पानावर कोणाचं नाव छापायचं हेही विचारा. सदस्याचं नाही, ज्यांच्या हातचं आहे त्यांचं. "लातूरकडच्या आजी" एवढंच पुरे असं काहींनी सांगितलं, काहींना गावासकट पूर्ण नाव हवं होतं. दोन्ही मान्य करा, आणि छापण्याआधी ते पान त्यांना वाचून दाखवा.

छापणं

मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. आमच्या छापखान्यात तो दुसऱ्या फाँटमध्ये बदलताना जोडाक्षरं तुटली आणि "कोथिंबीर" एकोणीस ठिकाणी चुकली. शेवटची पीडीएफ स्वतः करून द्या आणि कागदावरचं प्रूफ दोघांनी स्वतंत्रपणे वाचा, एकाने फक्त आकडे. पानं सोळाच्या पटीत ठेवली की कागद वाया जात नाही. आकार डेमी (साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच), आतला कागद ८० जीएसएम जाडीचा मॅपलिथो, म्हणजे चकाकी नसलेला साधा छपाईचा कागद, चांगला. बांधणी स्पायरल घ्या : ओट्यावर पुस्तक उघडं राहिलं पाहिजे. ग्रुपपुरतंच वाटणार असाल तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, लागत नाही. विकायचं असेल तर राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून तो विनामूल्य मिळतो.

मूळ आवाज आणि हातांची चित्रणं पुसू नका. दोन ठिकाणी साठवून ठेवा, आणि त्या त्या घरी एक प्रत द्या.

शेवटची चार पानं आम्ही कोरी सोडली आहेत. आजींना पहिली प्रत द्यायला गेलो तेव्हा नातवाने त्यांना धपाट्यांचं पान वाचून दाखवलं. कणकेत तीळ घालायचे, हे ऐकताच त्या म्हणाल्या, "आत नाही रं, वरून दाबायचे, थापून झाल्यावर." मी पेन काढलं आणि पहिलं कोरं पान उघडलं.